आप्पामामाच्या स्पीकरच्या पेट्या

सगळा दोष टीव्हीचा आहे, हे आमच्या घरात बाबांनी ठरवलं आणि आई आणि मी ते मुकाट्याने मान्य केलं. देवासच्या औद्योगिक वसाहतीच्या मागे आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बाबा मूळचे साताऱ्याकडचे, लग्नाआधीच नोकरीसाठी इकडे आले आणि कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये लागले. पत्र्यावर ठोके घालणाऱ्या त्या यंत्रांच्या शेजारी त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. कानात घालायला कापसाचे बोळे मिळत, ते बाबा खिशातच ठेवत, कारण बोळे घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही आणि प्रेसवर हाक ऐकू आली नाही तर बोटं जातात. संध्याकाळी भोंगा झाला की पंधरा मिनिटांत त्यांची सायकल दारात लागे. हात-पाय धुऊन ते शेव पसरलेले पोहे आणि चहा घेत आणि बातम्या लावून बसत. मग हळूहळू त्यांची तक्रार सुरू झाली. "यातलं बोलणं कळतच नाही, नुसता गलका येतो. डबाच खराब आहे." आवाज वाढवला तर म्हणत, ओरडतोय कशाला हा. कमी केला तर म्हणत, पुटपुटतोय काय. शेवटी त्यांनी टीव्हीसमोर बसणंच सोडलं. जेवण झालं की खुर्ची उचलून बाहेर ओट्यावर जायचे आणि टेकडीवरच्या देवीच्या दिव्यांकडे बघत एकटे बसायचे. आई आणि मी आत, बाबा बाहेर, असं वर्षभर चाललं.

आईने एकदा धीर करून म्हटलं होतं, "अहो, एकदा इंदूरला कान दाखवून या ना." बाबा ताडकन म्हणाले, "माझ्या कानाला काय धाड भरलीय?" त्यामागचं कारण आईला ठाऊक होतं आणि मलाही. त्यांच्या बरोबरच्या एका माणसाला कमी ऐकू येतं असं कळल्यावर त्याला मशीनवरून काढून गेटवर रजिस्टर घेऊन बसवलं होतं, आणि वीस वर्षं ज्यांना त्याने काम शिकवलं ती पोरं येता-जाता त्याला हातवारे करून चिडवायची. बाबांच्या निवृत्तीला चार वर्षं होती. त्यामुळे कान हा शब्द आमच्या घरातून गेला आणि टीव्ही खराब आहे हे नक्की झालं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलनीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत होतो. (माझं शिक्षण सगळं हिंदीतून. हे मराठी लिहिताना आजही बायकोला विचारतो, वेलांटी कुठली. पण घरातलं आठवायला लागलं की ते हिंदीत आठवत नाही, त्याला माझा इलाज नाही.) बाबांना ओट्यावरून पुन्हा आत आणायचं असं मी ठरवलं, आणि ते चांगल्या आवाजाने आणायचं. बोलणं स्वच्छ आलं की ते येतील, इतका सरळ हिशेब होता. त्याच सुमारास कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली आणि ते सामान विकायला लागले. त्यात एक होम थिएटरचा रिसीव्हर होता. म्हणजे ॲम्प्लिफायरचाच थोरला भाऊ, टीव्हीचा आवाज आत घेऊन पाच बाजूंच्या स्पीकरना वाटून देणारा. स्पीकर त्यांच्या मेहुण्याने आधीच नेले होते, त्यामुळे नुसतं यंत्र स्वस्तात मिळालं. काळं, पाट्यासारखं जड. मी ते सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, हे बोलतं कुठून? याला तोंड कुठंय?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. पुढचे तीन महिने मी त्या तोंडापायीच हैराण झालो.

पाच स्पीकर घेण्याची ऐपत नव्हतीच. समोरचे दोन चांगले मिळाले तरी पुरे, कारण बोलणं बहुतेक तिथूनच येतं, असं मी एका मासिकात वाचलं होतं. रिसीव्हरच्या पाठीवर लिहिलं होतं की आठ ओमपेक्षा कमीचे स्पीकर लावू नयेत. स्पीकरचा ओम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जितका कमी तितका तो यंत्राला जास्त ओढतो, हे मी पुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, आणि इंदूरच्या बाजारात उभा राहिल्यावर साफ विसरलो. तिथे गाडीत लावायचे स्पीकर स्वस्त होते, दिसायला झकपक होते, मी एक जोडी उचलली. घरी आणून पुठ्ठ्याच्या खोक्यांना भोकं पाडून त्यात बसवली. टीव्हीचा स्वतःचा आवाज शून्यावर नेला आणि बाबांना हाताला धरून आत आणलं. पाच मिनिटं बरी गेली. मग बाबा म्हणाले, "जरा वाढव." मी वाढवला. आत कुठेतरी टक्क झालं, लाल दिवा लुकलुकायला लागला आणि सगळं बंद पडलं. बंद करून चालू केलं, वाढवलं, पुन्हा टक्क. तिसऱ्यांदा टक्क झालं तेव्हा बाबा उठले, खुर्ची उचलली आणि बाहेर गेले. मी त्या खोक्यांना लाथ घातली.

दुकानदाराने ती जोडी परत घेतली नाही. "भिया, चार ओम का माल है, गाड़ी में लगता है. आपको आठ का जोड़ा चाहिए था." मी विचारलं, आठची जोडी केवढ्याला? त्याने जी किंमत सांगितली ती ऐकून मी नुसतं पाणी मागितलं आणि पिऊन बाहेर पडलो.

मग धारचे आप्पामामा आठवले. हे आईचे थोरले भाऊ. त्यांचे आजे-पणजे संस्थानात कारकुनी-कामदारी करणारे, मामा स्वतः शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पत्राची सुरुवात अजून 'अनेक उत्तम आशीर्वाद' अशी करायचे आणि त्याच पत्रात रेडिओचा कुठला भाग बदलला ते चित्र काढून कळवायचे. वस्तू टाकून देणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे स्वतः केलेल्या दोन स्पीकरच्या पेट्या होत्या. जुन्या सागवानी दाराच्या फळ्या, आत आठ इंची स्पीकर, आणि पुढे जाळीच्या जागी मामीच्या फाटलेल्या चादरीचा तुकडा, बाग गावच्या छपाईचा, लाल-काळ्या वेलबुट्टीचा. मला ती वेलबुट्टी बघून लाजच वाटली होती. मी धारला गेलो, दोन दिवस मामीच्या हातचा भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी भीत भीत विषय काढला. मामा म्हणाले, "घेऊन जा की. भाऊजींना ऐकू येत असेल तर त्याहून काय पाहिजे? मी आपला रेडिओवर भागवतो." मी निर्लज्जपणे खिशातला मीटर काढून ओम तपासायला बसलो. मीटरने सहाच्या आसपास आकडा दाखवला. मी म्हटलं, "मामा, हे आठ नाहीत." मामांच्यातला मास्तर जागा झाला. "अरे, मीटर नुसत्या तारेचा अडथळा सांगतो. चालताना तो आठच धरतो. शिकलास काय कॉलेजात?" दोन्ही पेट्यांच्या मागे तारा जोडायला पितळेचे दोन-दोन स्क्रू होते. निघताना मामांनी बजावलं, "लाल ठिपका असेल तो अधिक. अधिकला अधिक, उण्याला उणं. उलटसुलट केलंस तर एक स्पीकर हवा पुढे ढकलेल आणि दुसरा मागे ओढेल, मग आवाज जागेवर राहायचा नाही."

धार ते इंदूर एक पेटी मांडीवर आणि एक पायाखाली. इंदूरला गाडी बदलताना कंडक्टर म्हणाला, "क्या है भिया, हारमोनियम?" मी म्हटलं, स्पीकर. "तो फिर गाना लगाओ," म्हणून तो सगळ्या बसला हसवून गेला. मला हसू आलं नाही. मांडीवर घाम आला होता आणि पाय आखडले होते, पण या वेळी चूक करायची नाही हे मनाशी पक्कं होतं. घरी येऊन मी पेट्या फडक्याने पुसल्या आणि मागे ठिपके शोधले. एका पेटीवर एक लाल ठिपका होता. दुसरीवर दोन, दोन्ही स्क्रूंपाशी एक-एक, एक फिका आणि एक लालभडक. पहिल्यांदा चुकीच्या जागी लागला असेल, तो पुसून मामांनी मग नीट लावला असेल, असं मी धरलं. लालभडक ठिपक्याला अधिकची तार लावली, तीनदा तपासली आणि रिसीव्हर चालू केला.

या वेळी टक्क झालं नाही. आवाज कितीही वाढवला तरी यंत्र शांत होतं. पण आवाज म्हणजे नुसता फुसका. ढोलकीचा खालचा ठोका गायबच. बातम्या देणारी बाई समोर दिसत होती आणि बोलत होती कपाटाच्या मागून. डोकं डावीकडे नेलं की तिचा आवाज डाव्या कानात घुसे, उजवीकडे नेलं की उजव्या, आणि मधोमध बसलं की तो कुठेच नसे. मी बाबांकडे बघितलं. ते खुर्चीत रेलून बसले होते. म्हणाले, "छान आहे. आता कळतंय."

मला हायसं वाटलं आणि त्याहून जास्त चीड आली. माझ्याच कानांना ते धड ऐकू येत नव्हतं. इतक्या फुसक्या आवाजात बाबांना कळतंय, तर नीट आवाजात किती कळेल, असं वाटून मी इरेला पेटलो. बाबा आता रोज आत बसत होते, पण ते कधी पुन्हा खुर्ची उचलतील याची मला धास्ती होती. पेट्यांखाली विटा घातल्या. विटा काढून उशा घातल्या. भिंतीला चिकटवल्या, भिंतीपासून ओढल्या, आईचं शिवणयंत्र हलवलं. तारा बदलल्या. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर लहान की मोठे असं निवडता यायचं, ते दिवसातून चार वेळा उलटसुलट केलं. एका पेटीतला स्पीकर खोलून परत बसवला. आई म्हणायची, "हेमू, सबर कर जरा. पूरी कॉलनी वैतागली तुझ्या त्या एकाच बातमीला." कॉलेजचे प्रॅक्टिकल बुडत होते, शिकवणीची मुलं दारातून परत जात होती. दर संध्याकाळी बाबा येऊन बसत, पडद्याकडे बघत आणि माझ्याकडे वळून म्हणत, "आज कालच्यापेक्षा बरं आहे." आणि दर संध्याकाळी मला ऐकू येई की आज कालच्याइतकंच वाईट आहे. दोन महिने मी असा जळत होतो.

शेवटी एका शुक्रवारी माझं डोकं फिरलं आणि मी धारला फोन लावला. मामांनी उचलला. मी नमस्कारसुद्धा केला नाही. "मामा, तुमच्या पेट्यांत काही दम नाही. सगळे उपाय झाले. लाकूड तेवढं चांगलं आहे, त्याचे जेवायला बसायचे पाट करून घ्या." मग मामा म्हणाले, "बरं. रविवारी येतो." त्यांनी फोन ठेवला आणि मी मागे वळलो तर आई उभी होती. तिच्या भावाशी या घरात असं कोणी बोललं नव्हतं. ती त्या रात्री मला वाढायला आली नाही, ताट झाकून ठेवलं. आज माझेही केस पिकायला लागलेत तेव्हा कळतं की सत्तरीच्या माणसाने स्वतःच्या हाताने केलेली वस्तू काढून द्यायला किती मोठं मन लागतं. तेव्हा मला फक्त फुसका आवाज कळत होता.

रविवारी दुपारी मामा आले. पिशवीत मांडवगडची चिंच आणि मामीने दिलेल्या गुळपापडीच्या वड्या. आईने दाल-बाफल्यांचा घाट घातला होता, तुपाचा वास घरभर होता. बाबा खुर्चीत बसून क्रिकेटची मॅच बघत होते. मामांनी त्यांना नमस्कार केला, मग मांडी घालून जमिनीवर बसले, मला दोन्ही पेट्यांच्या तारा सोडवायला सांगितल्या आणि रिमोटमधला एक सेल मागितला. पुढची वेलबुट्टीची कापडं काढली. एका पेटीच्या मागच्या स्क्रूंना सेल टेकवला, अधिकचं टोक लाल ठिपक्याला. थप्प झालं आणि स्पीकरचा कागद पुढे आला. "बघ. पुढे आला म्हणजे खूण बरोबर." दुसरी पेटी घेतली, अधिकचं टोक त्या लालभडक ठिपक्याला. कागद आत गेला.

मामांनी चष्मा पुसला आणि पुन्हा टेकवून पाहिलं. कागद पुन्हा आत. त्यांनी लालभडक ठिपक्यावर अंगठा घासला, अंगठ्याकडे पाहिलं, वास घेतला. "हेमू, हा माझा रंग नव्हे रे. माझा तो फिका, दाराच्या ऑइलपेंटचा. हे कुंकू आहे. तुझ्या मामीचं."

मला एकदम सगळं दिसलं. धारच्या घरी खंडेनवमीला मामी एकूण एक यंत्राची पूजा करायची. शिवणयंत्र, स्कूटर, मिक्सर, मामांचं सोल्डरिंग आयर्न, सगळ्यांना ओल्या कुंकवाचं बोट. मामा म्हणाले, "मी दर वर्षी सांगतो, पुढे लाव. ती म्हणते, पुढे कापड खराब होईल, मागे लावते, देवाला सगळं सारखंच. एका पेटीवर तिचं बोट माझ्या ठिपक्यावरच पडलं असेल, दुसरीवर पलीकडच्या स्क्रूपाशी." आणि मी, विज्ञानाचा विद्यार्थी, दोन महिने दसऱ्याच्या कुंकवाला अधिक समजून तार जोडत होतो. रडावं की हसावं कळेना. मी म्हटलं, "मामा, शुक्रवारी मी जे बोललो..." मामा म्हणाले, "असू दे. पाट करायला लाकूड तसं कमीच पडलं असतं." मग ते हसले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी चारही तारा हातात घेऊन आता कुठली कुठे जोडायची ते बघत होतो, तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. प्रसन्न, मोकळा आवाज. "आता आलं बरं का. आता अगदी स्पष्ट येतंय. आप्पांचा हात लागला की फरक पडतोच. हेमू, आता याला हात लावू नको, असंच राहू दे."

खोलीत टीव्हीचा जराही आवाज नव्हता. तारा माझ्या हातात होत्या, टीव्हीचा स्वतःचा आवाज तीन महिन्यांपासून शून्यावर होता. पडद्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि बाबा त्यांच्याकडे बघून मान डोलवत होते. मी म्हटलं, "बाबा, तारा माझ्या हातात आहेत." बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "हो ना."

मामांनी मान खाली घातली. आई स्वयंपाकघराच्या दारात बाफल्यांची परात घेऊन उभी होती. ती जवळ आली आणि नेहमीच्या आवाजात, कुजबुजण्याचीही गरज नसल्यासारखी म्हणाली, "मला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तू इतका खपतोयस म्हणून येऊन बसतात ते. मला म्हणाले, पोराचा हिरमोड व्हायला नको."

मला राग आला. बाबांचा, आईचा, त्या ठोके घालणाऱ्या यंत्रांचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मी ओम मोजले, विटा मोजल्या, वाटेल ते केलं, आणि ज्या कानांसाठी हे चाललं होतं त्यांच्याजवळ एकदाही गेलो नाही. बाबा छान म्हणत होते तेव्हा मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हतो, मी पेट्यांकडे बघत होतो. मी तारा घेऊनच उठलो, त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसलो आणि उजव्या कानाला तोंड लावून म्हणालो, "बाबा, उद्या इंदूरला जाऊ. कान दाखवू. मी येतो बरोबर." ते दचकून मागे झाले. म्हणाले, "टीव्ही तर चांगला चाललाय आता." मी चारही तारांची सुटी टोकं त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

त्यांनी तारांकडे पाहिलं. मग जमिनीवर उघड्या पडलेल्या पेट्यांकडे, मामांकडे, आईकडे. आईने परात खाली ठेवली. बाबांनी हात पुढे करून तारा माझ्या हातातून घेतल्या, नीट गोळा केल्या आणि कितीतरी वेळ मांडीवर धरून बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रजेचा अर्ज तू लिही. पोट दुखतंय म्हणून लिही."